रत्नागिरी नगरपरिषद : हद्द, प्रभाग आणि निवडणुका

महाराष्ट्रातील रत्नागिरी जिल्ह्याच्या मुख्यालयाचा कारभार पाहणारी नागरी स्थानिक स्वराज्य संस्था. स्थापना 1876. वर्ग ‘ब’. क्षेत्रफळ सुमारे साडेदहा चौ. किमी. 2011 च्या जनगणनेनुसार हद्दीतील लोकसंख्या सुमारे 76 हजार. सदस्यसंख्या 32, प्रभाग 16, नगराध्यक्ष थेट मतदारांकडून निवडला जातो.

स्थान व हद्द : शहराच्या पश्चिमेला अरबी समुद्र आणि रत्नदुर्ग किल्ल्याचा डोंगर, तर दक्षिणेला काजळी नदीची भाट्ये खाडी आहे. या दोन बाजूंना निसर्गानेच हद्द आखून दिली आहे. उत्तरेकडे मिऱ्या व शिरगाव, पूर्वेकडे नाचणे, मिरजोळे व कुवारबाव ही गावे लागून आहेत. तेथील हद्द केवळ महसुली नकाशावर दिसते. जमिनीवर घरांची रांग कोठेही तुटत नाही.

शहराचे दोन थर स्पष्ट दिसतात. खालच्या भागात मांडवी, मिरकरवाडा, राजिवडा, पेठकिल्ला, घुडेवठार, फगरवठार, राम आळी, टिळक आळी अशा जुन्या वस्त्या आहेत. बंदर, मासेमारी आणि बाजारपेठ यांच्या आधाराने त्या वाढल्या. वर जांभ्याच्या सड्यावर माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कोकणनगर हा नंतर विस्तारलेला भाग आहे. झाडगाव, रहाटाघर अशी मूळची गावे शहरात सामावून गेली, तरी त्यांची नावे जमिनीच्या कागदपत्रांत आणि लोकांच्या बोलण्यात टिकून आहेत.

इतिहास : 1822 मध्ये दक्षिण कोकणच्या जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून रत्नागिरीला आले आणि बंदराच्या गावाला कचेऱ्यांचे शहर हे रूप मिळाले. 1876 मध्ये नगरपालिका स्थापन झाली. ब्रिटिश काळात मतदानाचा हक्क कर भरणाऱ्या मर्यादित वर्गापुरता होता. प्रौढ मताधिकार स्वातंत्र्यानंतर आला. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने राज्यातील नगरपालिका एका कायद्याखाली आल्या. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नगरपरिषदांना घटनात्मक स्थान मिळाले आणि 1994 मध्ये स्थापन झालेल्या राज्य निवडणूक आयोगाकडे त्यांच्या निवडणुका सोपवल्या गेल्या. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, तरी उरलेल्या जिल्ह्याचे मुख्यालय रत्नागिरीतच राहिले.

हद्दीबाहेरचे शहर : गेल्या चार-पाच दशकांत शहराची वाढ मुख्यत्वे पूर्वेकडे झाली. ज्या सोयींमुळे रत्नागिरी आज ओळखली जाते, त्यांपैकी बऱ्याच नगरपरिषदेच्या हद्दीत नाहीत. 1998 मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेचे रत्नागिरी स्थानक कुवारबाव–नाचणे परिसरात आहे. औद्योगिक क्षेत्र व विमानतळ मिरजोळे परिसरात, तर 1981 पासूनचे मत्स्य महाविद्यालय शिरगावात आहे. साळवी स्टॉप ओलांडून मिऱ्या–नागपूर महामार्गाने पुढे गेले की कुवारबाव ग्रामपंचायतीचा भाग लागतो. दुकाने, सदनिका आणि रिक्षाथांबे तसेच पुढे चालू राहतात. बदलते ती घरपट्टीची पावती. नाचणे गावाची नोंद जनगणनेत नागरी वस्ती म्हणून होते, म्हणजे लोकांचा व्यवसाय व वस्तीची दाटी शहरासारखी आहे, पण कारभार ग्रामपंचायतीचा आहे.

याउलट शहर काही गरजांसाठी हद्दीबाहेर अवलंबून आहे. नगरपरिषदेचा पाणीपुरवठा प्रामुख्याने शीळ धरणातून होतो आणि ते धरण हद्दीच्या बाहेर आहे. घनकचरा प्रकल्पासाठी तालुक्यातील दांडेआडोम येथील जागेचा विचार झाला तेव्हा तेथील ग्रामस्थांनी विरोध केला. पाणी घेताना आणि कचरा टाकताना हद्द ओलांडावी लागते; मतदान मात्र हद्दीपाशी थांबते.

दोन मतदारव्यवस्था : हद्दीच्या आतला मतदार नगरसेवक व नगराध्यक्ष निवडतो. हद्दीबाहेरचा मतदार ग्रामपंचायत सदस्य व सरपंच, पंचायत समितीच्या गणाचा आणि जिल्हा परिषदेच्या गटाचा प्रतिनिधी निवडतो. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या कायद्याने 7 ते 17 या मर्यादेत असते. गाव कितीही फुगले तरी ती 17 च्या पुढे जात नाही. नगरपरिषदेची सदस्यसंख्या मात्र लोकसंख्येबरोबर वाढते. विधानसभेसाठी हा भेद पुसला जातो : शहर आणि लगतची गावे एकाच रत्नागिरी मतदारसंघात (क्र. 266) येतात. त्यामुळे आमदार सर्वांचा एक असला, तरी गटार आणि पथदिव्यांची तक्रार कोठे करायची, हे घर हद्दीच्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरते.

सदस्यसंख्या व प्रभागरचना : ‘ब’ वर्गात 40 हजारांहून अधिक आणि 1 लाखापर्यंत लोकसंख्येची शहरे येतात. या वर्गासाठी किमान सदस्यसंख्या ठरलेली असून 40 हजारांपुढील दर 5 हजार लोकसंख्येमागे एक सदस्य वाढतो. किमान संख्या 23 होती तेव्हा रत्नागिरीच्या वाट्याला 30 जागा आल्या. 2022 च्या दुरुस्तीने किमान संख्या 25 झाली आणि जागा 32 झाल्या. दोन्ही वेळा आधार 2011 ची जनगणनाच होता. म्हणजे दोन जागा वाढल्या त्या कायद्यातील आकड्यामुळे. 2021 ची जनगणनाच न झाल्याने शहरात वाढलेल्या माणसांची मोजदाद त्यात झाली नाही.

प्रभाग द्विसदस्यीय असून प्रत्येकाची सरासरी लोकसंख्या पावणेपाच हजारांच्या आसपास येते. सरासरीपासून 10 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. प्रभागांचे क्रमांक शहराच्या उत्तर टोकापासून देत शेवट दक्षिणेकडे केला जातो. जनगणनेचा प्रगणक गट शक्यतो फोडला जात नाही. सीमा रस्ता, पऱ्या, नाला अशा ठळक खुणांवरून नेण्याची अपेक्षा असते. चढ-उताराच्या या शहरात हे सोपे नाही. एकाच आळीचे वरचे व खालचे टोक दोन प्रभागांत पडू शकते. प्रारूप आराखडा मुख्याधिकाऱ्यांच्या स्तरावर तयार होतो, त्यावर हरकती व सूचना मागवून सुनावणी होते आणि त्यानंतर रचना अंतिम होते. 2022 च्या कायदाबदलाने प्रभागरचनेचा अधिकार आयोगाकडून राज्य शासनाकडे आला.

रत्नागिरीत प्रभागाला क्रमांक असतो आणि पुढच्या निवडणुकीत तोच क्रमांक दुसऱ्या वस्तीकडे जाऊ शकतो. म्हणून येथे प्रचारात क्रमांकापेक्षा वाडी, आळी आणि मोहल्ला यांची नावेच अधिक चालतात.

मतदारयादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी प्रभागनिहाय फोडली जाते. सीमेवरील घरांची नावे शेजारच्या प्रभागात जाण्याच्या तक्रारी या टप्प्यावर येतात आणि हरकतींच्या मुदतीत त्या दुरुस्त करता येतात.

आरक्षण : 2011 पासून राज्यातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, 32 पैकी 16 जागा त्यामुळे महिलांच्या आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. कोणती जागा कोणासाठी हे सोडतीने ठरते. सोडतीनंतर विद्यमान नगरसेवकाला दुसरा प्रभाग शोधावा लागणे किंवा घरातील महिलेला उमेदवारी मिळणे ही नित्याची गोष्ट आहे.

निवडणुका : नगराध्यक्ष निवडण्याची पद्धत राज्यातील सत्तेबरोबर बदलत आली. 2001 मध्ये थेट निवड सुरू झाली, 2006 मध्ये ती थांबली, 2016 मध्ये परत आली, 2020 मध्ये पुन्हा रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. 27 नोव्हेंबर 2016 रोजी झालेल्या निवडणुकीत शिवसेनेचे राहुल पंडित थेट नगराध्यक्ष झाले. त्यांच्या राजीनाम्यानंतर डिसेंबर 2019 मध्ये पोटनिवडणूक झाली व शिवसेनेचेच प्रदीप ऊर्फ बंड्या साळवी निवडून आले. या सभागृहाची मुदत डिसेंबर 2021 मध्ये संपली.

त्यानंतर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात असल्याने राज्यभरातील निवडणुका रखडल्या आणि रत्नागिरीतही जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. या काळात प्रभाग होते, नगरसेवक नव्हते. रस्त्याची वा पाण्याची मागणी थेट मुख्याधिकाऱ्यांकडे न्यावी लागे. 6 मे 2025 च्या आदेशाने न्यायालयाने निवडणुका घेण्याचा मार्ग मोकळा केला. 2 डिसेंबर 2025 ही मतदानाची तारीख ठरली आणि राज्यभरातील मतमोजणी 21 डिसेंबरला झाली. या निवडणुकीत रत्नागिरीचे नगराध्यक्षपद महिलेसाठी राखीव होते.

हद्दवाढीचा प्रश्न : लगतची गावे नगरपरिषदेत घ्यावीत, ही चर्चा वेळोवेळी होते. हद्द वाढवण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे. त्यासाठी उद्घोषणा काढून हरकती मागवाव्या लागतात. हद्दवाढीच्या बाजूने रस्ते, गटारे, अग्निशमन आणि बांधकाम नियंत्रण यांचे एकत्र नियोजन हा मुद्दा मांडला जातो. विरोधाची कारणेही ठोस आहेत : घरपट्टी वाढण्याची भीती, ग्रामसभेचा हक्क जाणे, सरपंच व सदस्यांची पदे संपणे आणि ग्रामीण योजनांचा निधी बंद होणे. जिल्हा परिषदेच्या गटांची रचनाही अशा बदलाने हलते. गावे आली तर लोकसंख्या ‘अ’ वर्गाच्या 1 लाखाच्या मर्यादेकडे सरकेल आणि प्रभाग नव्याने आखावे लागतील.

सध्याच्या हद्दीत समुद्र आणि खाडीमुळे पश्चिमेला व दक्षिणेला वाढीला वाव नाही. त्यामुळे शहराच्या पुढील प्रभागरचनेचा खरा प्रश्न पूर्वेकडील गावांचाच राहील, आणि नवी जनगणना झाल्यावर तो आकड्यांसह समोर येईल.