बोटीच्या इंजिनासाठी योग्य स्पार्क प्लग कसा निवडायचा? कोड, हीट रेंज आणि गॅप सोप्या भाषेत

दुचाकीचा स्पार्क प्लग आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी बघितलेला असतो. गाडी मिसिंग करायला लागली की गॅरेजवाला दादा पहिल्यांदा प्लगच खोलतो. रस्त्यात प्लग गेला तर फार तर गाडी ढकलत न्यावी लागते. पण तारकर्ली किंवा अलिबागच्या समुद्रात पर्यटकांना घेऊन गेलेल्या स्पीडबोटीचं इंजिन खाडीच्या तोंडाशी बंद पडलं तर? तिथे ढकलायला कोणी नसतं. वारा आणि ओहोटी नेईल तिकडे बोट जाते.

म्हणून बोटीचा प्लग निवडताना "आटे बसले, म्हणजे झालं" हा हिशोब चालत नाही. घरची बोट असेल, वॉटर स्पोर्ट्समध्ये काम करत असाल किंवा नुसतीच उत्सुकता असेल, तरी हा लेख उपयोगी पडेल.

## कोणत्या बोटीला स्पार्क प्लग असतो?

स्पार्क प्लग पेट्रोल इंजिनात असतो. सिलिंडरमधलं हवा आणि पेट्रोलचं मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवणं हे त्याचं काम. डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेमुळेच डिझेल पेटतं, त्यामुळे तिथे स्पार्क प्लग नसतो. मोठे ट्रॉलर आणि प्रवासी लाँच साधारणपणे डिझेलवर चालतात.

आपला विषय दोन प्रकारच्या इंजिनांचा आहे:

- आउटबोर्ड: बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावलेलं इंजिन. टू-स्ट्रोक किंवा फोर-स्ट्रोक. कोकणात लहान बोटींवर हेच जास्त दिसतं.
- पेट्रोल इनबोर्ड: बोटीच्या आत, बंद कप्प्यात बसवलेलं इंजिन. यातली बरीच इंजिनं मोटारीच्या इंजिनांवरून तयार केलेली असतात.

## बोटीच्या प्लगला जास्त त्रास का होतो?

मोटार एकदा वेगात आली की तिला पुढे नेत राहायला इंजिनाच्या ताकदीचा थोडाच भाग लागतो. उतारावर तर पायसुद्धा उचलता येतो. बोटीला ही सवलत नाही. पाणी तिला सतत मागे ओढत असतं, म्हणून इंजिन बराच वेळ मोठ्या लोडवर चालतं.

एक छोटा हिशोब बघा. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. इंजिन ५,५०० आरपीएमवर असेल, तर एका प्लगमध्ये मिनिटाला ५,५०० म्हणजे सेकंदाला साधारण ९२ ठिणग्या. एका तासात ३ लाख ३० हजार!

दुसरीकडे, पर्यटक डॉल्फिन बघत असतात तेव्हा तीच बोट अर्धा-अर्धा तास अगदी मंद चालते. तेव्हा प्लग नीट तापत नाही आणि त्यावर काजळी धरते. वरून खारी हवा आणि दमटपणा आहेच. म्हणजे एकाच प्लगला एकाच दिवसात दोन्ही टोकं सांभाळायची असतात.

## प्लगचा कोड कसा वाचायचा?

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे असा कोड दिसला की तो फोडून बघायची सवय. आउटबोर्डमध्ये दिसणारा एनजीके कंपनीचा एक प्लग घेऊ: बीआर८एचएस-१०.

- बी: आट्यांचा व्यास १४ मिमी. (याच जागी डी असेल तर १२ मिमी, सी असेल तर १० मिमी.)
- आर: आत रेझिस्टर आहे.
- ८: हीट रेंज.
- एच: आट्यांची लांबी, म्हणजे रीच, १२.७ मिमी. (ई असेल तर १९ मिमी.)
- एस: तांब्याचा गाभा असलेला साधा मधला इलेक्ट्रोड.
- १०: गॅप १.० मिमी.

यातलं एक अक्षर बदललं तरी प्लग वेगळा होतो. पासवर्डसारखंच, "जवळजवळ बरोबर" असं काही नसतं.

सगळ्यात घातक चूक रीचची. दोन्ही प्लग १४ मिमीचे असले तर १२.७ मिमीच्या जागी १९ मिमीचा प्लगही फिरून आत जातो. पण तो सिलिंडरमध्ये पुढे येतो आणि पिस्टनला आपटू शकतो. उलट आखूड प्लग बसवला तर ठिणगी आतल्या खोबणीत पडते, मिश्रण नीट पेटत नाही. शिवाय हेडचे उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात आणि पुढच्या वेळी योग्य प्लग बसवताना ते खराब होतात.

## हीट रेंज म्हणजे नक्की काय?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. हॉट प्लग म्हणजे जास्त गरम ठिणगी देणारा प्लग, असं नाही. प्लगच्या टोकाला लागलेली उष्णता तो किती पटकन हेडकडे सोडून देतो, एवढाच अर्थ.

- हॉट प्लग: उष्णता हळू सोडतो, टोक गरम राहतं.
- कोल्ड प्लग: उष्णता पटकन सोडतो, टोक तुलनेने थंड राहतं.

टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. ४५० च्या आसपास किंवा खाली राहिलं, तर काजळी जळून जात नाही. काजळीतून वीज वाहते. त्यामुळे ठिणगी गॅपमध्ये पडण्याऐवजी चिनी मातीवरून सरळ बॉडीत उतरते. यालाच आपण "प्लग शॉर्ट झाला" म्हणतो.

टोक ८५० च्या वर गेलं तर धोका उलटा आणि जास्त मोठा. लाल झालेलं टोकच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोटाचा दाब बसतो. फुल थ्रॉटलवर हे चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. काहीशे रुपयांच्या प्लगमुळे पूर्ण इंजिन खोलावं लागतं.

एनजीकेच्या मते हीट रेंजचा आकडा एकने बदलला की टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी बदलतं. म्हणजे ७ आणि ८ मधला फरक किरकोळ नाही.

आणखी एक सापळा: सगळ्या कंपन्यांचे आकडे एकाच दिशेने जात नाहीत. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग कोल्ड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग हॉट. त्यामुळे कंपनी बदलताना आकडा जुळवू नका. नव्या कंपनीच्या तक्त्यात तुमच्या इंजिनाचं मॉडेल शोधा.

## गॅप, रेझिस्टर आणि धातू

गॅप: दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर. ते लहान असलं तर ठिणगी छोटी पडते, फार मोठं असलं तर जास्त लोडवर ठिणगी पडतच नाही आणि इंजिन मिसिंग करतं. नवा प्लग बॉक्समधून काढल्यावरही फिलर गेजने गॅप तपासा, कारण पडल्या-आपटल्याने तो बदलतो. काही जुन्या मर्क्युरी टू-स्ट्रोक इंजिनांना सरफेस गॅप प्लग लागतो. त्याला बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड नसतो, त्यामुळे गॅप सेट करायचा प्रश्नच येत नाही.

रेझिस्टर: ठिणगीमुळे रेडिओ लहरींचा गोंगाट तयार होतो. रेझिस्टर तो कमी करतो. एनजीकेच्या प्लगमध्ये तो साधारण ५ हजार ओहमचा असतो. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस, फिश फाइंडर असेल तर हे महत्त्वाचं आहे. मदत मागायच्या वेळी रेडिओत नुसती खरखर ऐकू आली तर काय उपयोग? मॅन्युअलमध्ये आर असेल तर आर असलेलाच प्लग घ्या.

धातू: निकेल साधारण १,४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १,७६८ आणि इरिडियम २,४४६ अंशांना. म्हणून इरिडियमचं टोक अगदी बारीक करता येतं आणि ते हळू झिजतं. पण टू-स्ट्रोकमध्ये तेलाचं प्रमाण चुकलं असेल तर महागडा इरिडियमसुद्धा शॉर्ट होतो. कंपनीने निकेल सांगितला असेल तर निकेल वाईट नाही. इरिडियमचा गॅप नाण्यासारख्या गेजने रेटून वाढवू नका, टोक तुटू शकतं.

## योग्य प्लग शोधायच्या ५ स्टेप्स

1. इंजिनाच्या ब्रॅकेटवर मॉडेल आणि सिरीयल नंबरची पट्टी असते. मोबाइलने तिचा स्पष्ट फोटो काढा.
2. इंजिन कंपनीच्या साइटवरून ओनर्स मॅन्युअल डाउनलोड करा. त्यात प्लगचा पूर्ण कोड आणि गॅप दिलेला असतो.
3. तोच कोड प्लग कंपनीच्या साइटवरही तपासा. मॉडेलमधलं एखादं अक्षर बदललं तरी प्लग बदलू शकतो.
4. इंजिनातून निघालेला प्लग फक्त तुलनेसाठी वापरा. आधीच्या माणसाने चुकीचा बसवलेला असू शकतो.
5. बरोबर कोड मोबाइलच्या नोट्समध्ये सेव्ह करा. दुकानात "यामाहाचा प्लग द्या" म्हणू नका, पूर्ण कोड दाखवा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. केरोसीनवर चालणाऱ्या आउटबोर्डचा प्लग त्याच्याच मॅन्युअलमधून बघा, पेट्रोल मॉडेलवरून अंदाज लावू नका. आणि इनबोर्ड इंजिन मोटारीवरून तयार झालेलं असलं, तरी बोटीतल्या मॉडेलसाठी दिलेलाच प्लग घ्या.

बाजारात बनावट प्लगही असतात. पुसट छपाई, खडबडीत आटे, मधल्या इलेक्ट्रोडच्या बरोबर वर नसलेला बाहेरचा इलेक्ट्रोड किंवा फारच कमी किंमत दिसली तर तो प्लग घेऊ नका. शक्यतो अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

## बसवताना काय काळजी घ्यायची?

- इंजिन थंड होऊ द्या. प्लगच्या भोवतीची वाळू आणि मीठ आधी साफ करा, नाहीतर ते सिलिंडरमध्ये जातं.
- सुरुवातीचे फेरे हातानेच फिरवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, वाकडे आटे धरले तर काम महागात पडतं.
- टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधला आकडा वापरा. ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिमीच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर लागतात.
- टॉर्क पाना नसेल तर नवा वॉशरवाला प्लग हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला फक्त एक-सोळांश फेरा.
- आट्यांना ग्रीससारखं काही लावायचं का, हे मॅन्युअल सांगेल. लावल्यावर त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो, हे विसरू नका.

## जुना प्लग काय सांगतो?

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडा आणि जवळून फोटो काढा.

- फिकट तपकिरी: सगळं ठीक.
- कोरडा काळा: पेट्रोल जास्त येतंय, मंद चालणं जास्त होतंय किंवा प्लग फार कोल्ड आहे.
- ओला, तेलकट: टू-स्ट्रोकमध्ये तेलाचं प्रमाण जास्त किंवा त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नाही.
- पांढरा, फोड आलेला: प्लग जास्त तापलाय. मिश्रणात पेट्रोल कमी आहे का आणि इंजिनातून पाण्याची पिचकारी नीट येते का, ते बघा.
- चांदीसारखे बारीक ठिपके: पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळतंय. इंजिन चालवू नका.
- बाकीच्यांपेक्षा एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ: त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याची शक्यता.

प्लग काळा आला म्हणून लगेच एक आकडा हॉट प्लग टाकायचा, हा शॉर्टकट फार चालतो. दोन दिवस इंजिन छानही वाटतं. मग एखाद्या दिवशी भरलेल्या बोटीने फुल थ्रॉटल मारला की तोच प्लग मर्यादेपेक्षा जास्त तापतो. प्लगचा रंग हा रिपोर्ट आहे. आजार कार्बोरेटर, तेल किंवा कूलिंगमध्ये असतो. तो आधी दुरुस्त करा.

## ठिणगी आणि पेट्रोलची वाफ

प्लग बाहेर काढून हेडला टेकवायचा आणि दोरी ओढून ठिणगी बघायची, ही सवय सोडा. उघड्या सिलिंडरमधून पेट्रोल बाहेर उडतं आणि शेजारीच ठिणगी असते. बाजारात मिळणारा स्पार्क टेस्टर वापरा.

इनबोर्डमध्ये धोका अजून मोठा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते. प्लगची वायर किंवा टोपी तडकलेली असेल तर ठिणगी बाहेर पडून ती वाफ पेटू शकते. म्हणून प्लगसोबत वायरीही तपासा आणि इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवा. अमेरिकेचं कोस्ट गार्डही हेच सांगतं.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्लग किती दिवसांनी बदलायचा?
बोटीचा हिशोब तासांवर असतो. बऱ्याच मॅन्युअलमध्ये दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा तपासणी दिलेली असते. पावसाळ्यात बोट उभी राहिली असेल तर सीझन सुरू होण्याआधी नक्की बघा.

एकच प्लग बदलला तर चालेल?
समुद्रात अडकलात तर चालेल. किनाऱ्यावर आल्यावर पूर्ण सेट बदला.

काचकागदाने घासून परत वापरू का?
नको. कण आत अडकून सिलिंडरमध्ये जातात आणि चिनी मातीवर ओरखडे पडले की काजळी अजून लवकर धरते.

बोटीत सोबत काय ठेवायचं?
बरोबर कोडचा पूर्ण सेट हवाबंद डब्यात, गॅप आधीच तपासलेला. त्याच मापाचा प्लग पाना. व्हीएचएफवर आणीबाणीचा चॅनल १६ आहे आणि भारतीय तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.