धारूरचा किल्ला

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्रात घुसलेल्या एका कड्यावर डनॉटरचा पडका किल्ला उभा आहे. इ. स. १६५२ मध्ये तो क्रॉमवेलच्या सैन्याच्या हाती गेला. परंतु तत्पूर्वीच तेथील राजमुकुट गुप्तपणे बाहेर काढण्यात आला होता. तो किल्ला हरला, तरी त्याची कथा तेथील लोक अभिमानाने सांगतात. बीड जिल्ह्यातील धारूरच्या वाट्यास असे भाग्य आले नाही.

बालाघाटाच्या एका सोंडेवर हा किल्ला आहे. समुद्राचे काम येथे खोल दऱ्या करतात. १५६५ मध्ये विजयनगरविरुद्ध एकत्र लढलेले विजापूर व अहमदनगर लवकरच परस्परांवर उलटले, आणि १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखान याने निजामशाहीस शह देण्याकरिता येथे मजबूत तट उभारला. मूर्तजा निजामशहाने, किल्ला घेईपर्यंत रिकिबीतून पाय न काढण्याची शपथ घेतली, असे फेरिश्ता सांगतो. लढाईत किश्वरखान बाण लागून पडला आणि किल्ला निजामशाहीत गेला. पुढे त्यास ‘फत्तेहाबाद’ हे नाव मिळाले.

विजयाचे नाव मिळाले म्हणून विजय टिकतो असे नव्हे. १६३१ च्या आरंभी, दख्खन दुष्काळाने होरपळत असता, शहाजहानचा सेनापती आजमखान धारूरवर आला. दऱ्यांमुळे किल्ला दुर्घट दिसला. म्हणून त्याने आधी बाहेरील पेठ लुटली, मग तोफा लावल्या. अखेर किल्ला मोगलांस मिळाला. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामास उदगीरच्या मोहिमेत घेरले, तेव्हा तो आपल्या कुमकेस मिळण्यासाठी धारूरकडेच निघाला होता. पण तेथवर पोहोचलाच नाही. निजामी अंमल मात्र येथे १९४८ पर्यंत राहिला.

या कथेत शिवछत्रपतींचे नाव नाही, म्हणून आमच्या घरांतून मुलांस ती कोणी सांगत नाही. हे आम्हांस योग्य वाटत नाही. राज्ये परक्यांची असोत वा आपली, पेठ लुटली गेली ती येथल्याच लोकांची. इतिहास केवळ जेत्यांचा मानावा, तर धारूरचे मालक एकामागून एक नाहीसे झाले. लोकांचा मानावा, तर तो अद्याप चालू आहे. फत्तेहाबाद हे नाव आज पुस्तकांत शोधावे लागते. लोकांच्या तोंडी धारूरच राहिले आहे.