सोपी भाषा कोणती? क्रोएशियन कीं स्वीडिश?



गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. उच्च शिक्षणासाठीं त्यास दोन ठिकाणांहून बोलावणें आलें होतें. एक क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथून, दुसरें स्वीडनमधील गॉथेनबर्गहून. शिक्षण दोन्हीकडे इंग्रजींतच; परंतु बाजारांत, दवाखान्यांत, शेजाऱ्याच्या दारीं इंग्रजीवर किती दिवस भागणार? "गुरुजी, या दोहोंत सोपी भाषा कोणती?" असें त्यानें विचारलें. मी या भाषांचा पंडित नव्हें. शाळेंत व्याकरण आणि इतिहास शिकविण्यांत आयुष्य गेलें, तेवढीच माझी शिदोरी. पण पुस्तकें धुंडाळूं लागलों तेव्हां दिसून आलें कीं, या प्रश्नाचें उत्तर व्याकरणाइतकेंच इतिहासांतही आहे.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक भाषाशाळा आहे. तिच्या अनुभवाप्रमाणें इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यास कामापुरती स्वीडिश येण्यास सुमारें २४ ते ३० आठवडे पुरतात. क्रोएशियनला मात्र सुमारें ४४ लागतात. हे आंकडे वाचून माझ्या विद्यार्थ्यानें मनाशीं निकाल लावूनच टाकला होता. मीं त्यास म्हटलें, "बाबा रे, हा सदरा इंग्रजी बोलणाऱ्याच्या मापानें बेतलेला आहे. तो तुला बसेल कशावरून?"

या दोन्ही भाषा आपल्याला अगदींच परक्या नाहींत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, हा विचार सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास मांडला. पुढें १७९० सालीं रोम येथें संस्कृतचें एक व्याकरण छापलें गेलें. युरोपांत छापलेलें तें पहिलेंच. त्याचा कर्ता फिलिप व्हेझ्दिन हा क्रोएशियन कुळांतला पाद्री असून मलबारांत अनेक वर्षें राहिला होता. आपल्या पूर्वजांची भाषा आणि संस्कृत यांतलें साम्य त्याच्या कानांस जाणवलें असेल, तर त्यांत नवल नाहीं. क्रोएशियनमध्यें भाऊ तो 'ब्रात', बहीण ती 'सेस्त्रा', आकाश तें 'नेबो', म्हणजे आपलें नभस्, आणि अग्नि तो 'ओगान्य'. स्वीडिशमध्यें दांत तो 'तांद' आणि नांव तें 'नाम्न'. आजी एकच, नाती मात्र दूरदूरच्या घरीं नांदल्या.

स्वीडिशचें घर व्यापाराच्या वाटेवर होतें. चौदाव्या शतकाच्या आरंभीं तिलाही चार विभक्ति आणि तीन लिंगें होतीं. हान्सा संघाचे जर्मन व्यापारी स्टॉकहोम, काल्मार, व्हिस्बी या बंदरांत स्थायिक झाले आणि त्यांच्या भाषेंतले हजारों शब्द स्वीडिशमध्यें शिरले. पैसे देणें या अर्थाचें 'बेताला' हें क्रियापद त्यांतलेंच. दोन भाषांचे लोक रोज देवघेव करूं लागले म्हणजे प्रत्यय झिजतात, असें पुष्कळ विद्वान् मानतात. कसेंही असो, मध्ययुग संपतां संपतां बहुतेक विभक्ति गळून पडल्या, आणि पुढें पुल्लिंग व स्त्रीलिंग मिळून एक झालें. आज मी आहें, तूं आहेस, ते आहेत, या सर्वांस एकच क्रियारूप पुरतें. इंग्रजी मनुष्यास ही भाषा सोपी वाटते ती यामुळें.

परंतु व्याकरणांत जी सूट मिळाली, तिची भरपाई अक्षरांत करावी लागते. १५२६ सालीं नवा करार व १५४१ सालीं संपूर्ण बायबल स्वीडिशमध्यें छापलें गेलें आणि लेखनाला वळण लागलें. उच्चार मात्र पुढें बदलत राहिले. १९०६ सालीं लेखनाची सुधारणा झाली, तरी सात हा अंक, सदरा, तारा आणि स्टेशन या चार शब्दांतील एकच ध्वनि स्वीडिशमध्यें आजही चार तऱ्हांनीं लिहिला जातो.

क्रोएशियनची कथा उलट आहे. ११०२ पासून तें राज्य हंगेरीच्या राजमुकुटाशीं जोडलेलें. तेथील प्रतिनिधिसभेचा कारभार लॅटिनमध्यें चाले. एकोणिसाव्या शतकांत लॅटिनच्या जागीं हंगेरियन आणण्याचा आग्रह सुरू झाला. प्रांतोप्रांतीं बोली वेगळ्या, 'काय' या साध्या शब्दालाही 'श्तो', 'काय' आणि 'चा' अशीं तीन रूपें, आणि लिहिण्याच्या रीतीही अनेक. अशा वेळीं ल्युदेवित गाय या एकवीस वर्षांच्या तरुणानें १८३० सालीं बुडा येथें एक लहानशी पुस्तिका छापली आणि चेक भाषेच्या धर्तीवर, ध्वनीला धरून लिहिण्याची पद्धति सुचविली. पुढें कांहीं फेरफारांनंतर ती रूढ झाली. १८४३ सालीं इव्हान कुकुल्येविच यांनीं सभेंत पहिलें क्रोएशियन भाषण केलें, आणि १८४७ सालीं सभेनें ती राजभाषा ठरविली. २०१३ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. लेखनाची घडी इतक्या उशिरां बसल्यामुळें तेथें लिहावें तसें वाचावें, असा बहुतांशीं सरळ व्यवहार आहे.

विभक्ति मात्र सात शिल्लक आहेत, संबोधन धरून. इंग्रजी विद्यार्थी येथेंच हात टेकतो. पण आपण? 'उ झाग्रेबु' म्हणजे झाग्रेबांत, 'इझ झाग्रेबा' म्हणजे झाग्रेबहून. नामाचें रूप बदलणें आपल्याला नवें नाहीं. तीन लिंगें आपल्याकडेही आहेत. 'पिसाति' म्हणजे लिहिणें, 'नापिसाति' म्हणजे लिहून पुरें करणें. हा भेद 'लिहिणें' आणि 'लिहून टाकणें' म्हणणाऱ्यास समजावयास जड जाऊं नये. उलट स्वीडिशमध्यें क्रियापद वाक्यांत दुसऱ्या जागीं बसतें, 'आज जातों मी' अशा क्रमानें. क्रियापद शेवटीं ठेवणाऱ्या मराठी जिभेस हें वळण लावावें लागेल. शिवाय तेथें सूर बदलला कीं अर्थ बदलतो. 'आन्देन' हा शब्द एका सुरांत बदक, तर दुसऱ्या सुरांत आत्मा! सुरांचा भेद क्रोएशियनमध्यें आहेच, पण लेखनांत तो दिसत नाहीं, आणि नवशिक्याचें त्यावांचून पुष्कळसें निभावतें.

म्हणून मीं विद्यार्थ्यास सांगितलें, "स्वीडिशमध्यें पहिले दिवस सुखाचे, कानाची कसोटी पुढें. क्रोएशियनमध्यें पहिलें वर्ष पाठांतराचें. पण वाचन पहिल्या आठवड्यापासून. स्वीडिश आली कीं नॉर्वेजियन वाचतां येईल; क्रोएशियन आली कीं सर्बिया, बॉस्निया व माँटेनेग्रोमध्यें बोलणें अडणार नाहीं. विद्या कोठें चांगली मिळेल तें पाहून जागा निवड. भाषेच्या भीतीनें नको."

तो झाग्रेबला गेला. परवां त्याचें पत्र आलें. शेवटीं एक ओळ क्रोएशियनमध्यें होती. विभक्ति बरोबर होती कीं नाहीं तें मला कळलें नाहीं. पण शब्दकोश घेऊन बसलों, आणि अर्थ लागला तेव्हां समाधान वाटलें.