औटकी आणि लॅपटॉप

आमचा भाचा हिंजवडीत प्रोग्रामर आहे. म्हणजे नक्की काय करतो, हे आमच्या ताईलाही ठाऊक नाही. परवा सगळे कासारसाई धरणावर सहलीला गेलो, तर आम्ही भजी खात असताना हा पाण्याकडे पाठ करून लॅपटॉपशी भांडत होता.

“मामा, बघा ना! ‘हे असेल तर हे, नाहीतर ते असेल तर ते,’ अशा चाळीस पायऱ्या लिहून ठेवल्यात कुणीतरी. मी त्या काढून तक्ता करतोय. बघायचं आणि उत्तर उचलायचं!”

“अरे, हे बॅबिलोनवाल्यांनी चार हजार वर्षांपूर्वी केलं. गुणाकाराचे तक्ते मातीच्या पाट्यांवर कोरले. आपण मातीऐवजी पोरांची डोकी वापरली, एवढंच!”

पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. म्हणजे साडेतीनचा पाढा. सातांची औटकी विचारली की आमचे आजोबा झोपेतही ‘साडेचोवीस’ म्हणत. ते गुणाकार करीत नसत, ठेवलेला आकडा फक्त बाहेर काढीत.

1 एप्रिल 1957 ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. आणा म्हणजे सव्वासहा पैसे! गिऱ्हाईक समोर उभे असताना भागाकार कोण करणार? तक्ते छापले गेले : एका आण्याला 6, दोनला 12, तीनला 19, चारला 25. म्हणजे दोन-दोन आणे वेगवेगळे दिले तर 24 आणि एकदम दिले तर 25. पण ही गंमत छापील होती. कोणालाही वाचता येई.

आमच्या जुन्या शाखेतल्या यंत्रात मात्र व्याजदरांची ‘असेल तर’ची माळ होती. मुदत आधी, वय मागाहून. मुदत जुळली की माळ तिथेच थांबे. वयापर्यंत पोचतच नसे. एका आजींना ज्येष्ठांचा अर्धा टक्का मिळेना. “यंत्र चुकत नाही, आजी,” असे मी दोनदा ठामपणे सांगितले. तिसऱ्यांदा त्या नातवाच्या वहीत रकाने आखून घेऊन आल्या. एकात सुनेचा दर, दुसऱ्यात त्यांचा. दोन्ही सारखे!

“आता सांग बाबा, मी सुनेच्या वयाची दिसते का?”

आजींना फरक मिळाला. माफी मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हती. ती मला तोंडानेच मागावी लागली.