सुचवलेली किंमत आणि वरचे पैसे

केंटकी राज्यातल्या फ्रँकफर्ट गावी असलेल्या बफलो ट्रेस डिस्टिलरीतून दरवर्षी ‘पॅपी वॅन विंकल’ नावाच्या बर्बन व्हिस्कीच्या मोजक्याच बाटल्या बाहेर पडतात. त्यांतल्या २३ वर्षे मुरलेल्या बाटलीची डिस्टिलरीने सुचवलेली किरकोळ किंमत २०२० साली सुमारे ३०० डॉलर होती. त्या किमतीला ती न मिळालेल्या आणि तरीही हवीच असलेल्या माणसाला त्या वर्षी दोन हजार डॉलरच्या खाली तिचे नाव काढता येत नव्हते. बाटलीत ७५० मिलिलिटर व्हिस्की, मद्यांश ४७.८ टक्के. या दोन आकड्यांमधली फट कशाने तयार होते आणि तिच्यातले पैसे कोणाच्या हाती पडतात, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

श्रीमंतांच्या चोचल्यांवर विद्वत्ता कशाला खर्च करायची, असे काही वाचक म्हणतील. त्यांचेही स्वागत आहे. मागणी वाढली की विकणारा भाव वाढवतो, हे आपण गृहीत धरलेले असते. इथे मात्र माल कमी, गिऱ्हाईक उदंड, आणि तरीही उत्पादक वर्षानुवर्षे भाव खालीच ठेवतो. असे झाले की रांग, ओळख, सोडत, चोरी आणि कायदा ही सगळी मंडळी किमतीचे काम करू लागतात. बाजाराच्या पोटातली ही यंत्रे एरवी इतकी उघडी दिसत नाहीत. ज्याने आयुष्यात मद्याला स्पर्श केला नाही त्यानेही हे पुस्तक वाचावे, अशी रचना ठेवण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी वाचकाला पहिली अडचण किमतीचीच येईल. आपल्याकडे वेष्टनावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यावर एक रुपया घेतला तरी दुकानदार दोषी ठरतो. अमेरिकेत उत्पादक किंमत नुसती सुचवतो. ती बाटलीवर नसते आणि बहुतेक राज्यांत दुकानदाराला ती पाळावी लागत नाही. केंटकीतल्या लुईव्हिल शहरातल्या एखाद्या दुकानाने ३०० डॉलरची बाटली काचेच्या कपाटात कुलूपबंद करून २,५०० डॉलरला मांडली, तर तो व्यवहार उघड, पावतीसह आणि कायदेशीर असतो. तीच बाटली नशिबाने ३०० डॉलरला मिळालेल्या गृहस्थाने शेजाऱ्याला ३०० डॉलरलाच दिली, तर मात्र ती विनापरवाना मद्यविक्री होते. गुन्हा भावावर ठरत नाही, विकणाऱ्याकडे परवाना आहे की नाही यावर ठरतो. हे उलटे चित्र एकदा डोक्यात बसले की पुढची निम्मी प्रकरणे सोपी जातील.

या चित्राचे मूळ दारूबंदीत आहे. १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे अमेरिकेत दारूबंदी होती. ती उठवताना उत्पादक, घाऊक विक्रेता आणि किरकोळ दुकानदार असे तीन थर पाडण्यात आले, आणि एका थराने दुसऱ्याच्या कामात शिरू नये अशी व्यवस्था लागली. सतरा राज्यांनी तर मद्याचा घाऊक व्यापार, काहींनी दुकानेही, स्वतःच्याच हातात ठेवली. परिणाम असा की डिस्टिलरीला आपल्या बाटलीचा अंतिम भाव ठरवता येत नाही आणि वरचे पैसेही तिच्याकडे येत नाहीत. ते बहुधा तिसऱ्या थरात किंवा कायद्याबाहेरच्या चौथ्या थरात जिरतात. केंटकीने २०१८ पासून एक खिडकी किलकिली केली. घाऊक बाजारात आता न मिळणारी जुनी, न उघडलेली बाटली खाजगी मालकाने परवानाधारक दुकानदाराला विकावी आणि त्याने ती पुढे विकावी, एवढी मुभा नव्या कायद्याने दिली. विधिशाखेच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर या एका कायद्यात तो आहे.

बर्बन म्हणजे काय, हे थोडक्यात. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो. ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. रंग किंवा चव वरून घालता येत नाही. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून तिला देशाचे खास उत्पादन म्हटले. पिंप कोरे असल्यामुळे लाकूड भराभर मद्यात उतरते. केंटकीत उन्हाळा कडक, हिवाळाही कडक. मद्य लाकडात शिरते आणि परत बाहेर येते. दरवर्षी काही टक्के हवेत उडून जाते. त्याला तिथले लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. वीस-बावीस वर्षांत सुमारे दोनशे लिटरच्या पिंपातले अर्ध्याहून अधिक मद्य असे नाहीसे होते आणि उरलेल्यात लाकडाचा कडवटपणा वाढत जातो. म्हणूनच अनेक जाणकार आठ ते बारा वर्षांची बर्बन पसंत करतात. वय वाढले म्हणून चव वाढली, असे सरळ गणित इथे नाही, आणि चवीच्या जोरावर कित्येक पट भावाचे समर्थनही करता येत नाही.

मग तो भाव आला कुठून? इथे मला मायकेल थॉम्पसन या अभ्यासकाच्या १९७९ सालच्या ‘रबिश थिअरी’चा सर्वांत जास्त उपयोग झाला. त्याचे म्हणणे असे की काही वस्तूंचे मोल काळाबरोबर घटते, काहींचे वाढते, पण पहिल्या गटातली वस्तू थेट दुसऱ्यात जाऊ शकत नाही. तिला आधी कचरा व्हावे लागते. कोणी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही, तिचा हिशोब कोणी ठेवत नाही, तेव्हाच तिला नवे मोल चिकटण्याची शक्यता तयार होते.

बर्बन अशीच कचरा झाली होती. १९७० नंतर अमेरिकेतली तरुण पिढी व्होडकाकडे आणि वाइनकडे वळली. गोदामे भरलेली, गिऱ्हाईक नाही. लुईव्हिलजवळच्या शिवली इथली स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी १९३५ साली, केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, सुरू झाली होती. ज्युलियन वॅन विंकल ऊर्फ पॅपी तिचे कर्तेधर्ते. मक्याच्या जोडीला राय हे धान्य न घालता गहू घालायचा, ही तिथली रीत. पॅपी १९६५ साली गेले, १९७२ साली कुटुंबाला डिस्टिलरी विकावी लागली आणि १९९२ साली तिथले गाळप बंद पडले. पॅपींचे नातू, तिसरे ज्युलियन, यांनी नाव तेवढे जपले आणि इतरांना नको झालेली जुनी पिंपे विकत घेऊन ती बाटल्यांत भरायला सुरुवात केली. गरजेपेक्षा जास्त मुरलेला, विक्रीला जड असा तो माल होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोच्या बेव्हरेज टेस्टिंग इन्स्टिट्यूटने त्यांच्या २० वर्षांच्या बाटलीला शंभरपैकी ९९ गुण दिले आणि हवा फिरली. २००२ साली त्यांनी बफलो ट्रेसशी भागीदारी केली. आज बाजारात येणारी पॅपी तिथेच गाळलेली असते. शिवलीच्या जुन्या मद्याची बाटली समोर आली की संग्राहक आणखी वरचा भाव देतात, कारण ते मद्य आता कोणालाही नव्याने करता येणार नाही.

या कथेत जपानचे श्रेय आपण नेहमी विसरतो. १९८४ साली केंटकीतले डिस्टिलर एल्मर ली यांनी ‘ब्लँटन्स’ ही एकाच पिंपातून भरलेली बर्बन आणली. अमेरिकेत तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. जपानी गिऱ्हाइकांनी तिला उचलून धरले. बुचावर घोडा आणि स्वार, घोड्याच्या आठ वेगवेगळ्या मुद्रा, प्रत्येक बुचावर नावातले एक अक्षर. आठही बुचे जमवण्यासाठी लोक बाटल्या घेत सुटले. संग्रहाची चटक लावण्याचे इतके साधे तंत्र दुसरे मला माहीत नाही.

आता मुख्य कोडे. ३०० डॉलरची वस्तू लोक २,५०० ला घेत असतील तर उत्पादकाने तिची किंमत २,५०० का करू नये? कानेमान, क्नेच आणि थेलर या अभ्यासकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लोकांना विचारले होते की हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराने बर्फ उपसायचे फावडे १५ डॉलरऐवजी २० ला विकले तर कसे? ८२ टक्के लोकांनी ते अन्यायाचे म्हटले. डिस्टिलरीला हा राग ओढवून घ्यायचा नसतो. तिचा धंदा वर्षाला काही हजार पॅपींवर चालत नाही. तो रोजच्या, वीस-तीस डॉलरच्या बाटल्यांवर चालतो. दुर्मीळ बाटली स्वस्त ठेवली की तिची दंतकथा फुकटात पसरते आणि तिचा प्रकाश बाकीच्या मालावर पडतो. हा संयम मी औदार्यात धरत नाही. ती चांगली जमलेली जाहिरात आहे.

पण भाव वाढला नाही म्हणून टंचाई संपत नाही. ती फक्त दुसरीकडे वाटली जाते. दुकानदार ती बाटली नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवतो, किंवा न खपणाऱ्या चार बाटल्या आधी गळ्यात मारतो. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत सरकारच सोडत काढते. ऑरेगनमध्ये २०२३ साली उघड झाले की मद्य आयोगाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनीच अशा बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढवून घेतल्या होत्या. सुचवलेली किंमत मात्र त्यांनी चोख भरली होती. हा तपशील विसरू नये. ज्याची ओळख आहे त्याला स्वस्त आणि ज्याची नाही त्याला कित्येक पट महाग, अशी ही व्यवस्था आहे. जास्त पैसे मोजणारा बहुधा ओळख नसलेला असतो, म्हणून त्याला मूर्ख म्हणण्याची घाई मी करणार नाही. सिनेमाच्या तिकिटाचा ब्लॅक आठवत असेल त्याला हे सांगायला नको. फरक इतकाच की तिकीट खेळ संपला की रद्दी होते आणि बाटली मात्र कपाटात वर्षानुवर्षे टिकते.

टिकते, म्हणून ती खोटीही करता येते. रिकाम्या पॅपीला आज रोख भाव मिळतो, आणि रिकामी बाटली कोणी फुलदाणीसाठी घेत नाही. आत साधी बर्बन भरायची, वर नवे आवरण चढवायचे, की काम झाले. जॉर्ज अकरलोफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल जे दाखवले, की खऱ्याखोट्याची पारख विकत घेणाऱ्याला करता येत नसेल तर चांगला माल बाजारातूनच मागे हटतो, ते इथे फार मजेदार पद्धतीने तपासता येते. इथली बाटली बहुधा उघडलीच जात नाही, त्यामुळे फसवणूक कधी उघडही होत नाही. खोट्या बाटल्यांचे प्रमाण सांगणारा कोणताही आकडा वाचकाने संशयानेच घ्यावा.

बाटली उघडायची की नाही, यावर एक वेगळे प्रकरण आहे आणि ते मला स्वतःला सर्वांत आवडते. थेलर यांनी एल्डर शफीर यांच्यासोबत वाइन जमवणाऱ्यांना विचारले होते की २० डॉलरला घेतलेली आणि आता ७५ ची झालेली बाटली प्यालात, तर तुम्हाला ती कितीला पडली? अर्ध्याहून अधिक लोकांनी एक तर काहीच खर्च झाला नाही किंवा उलट पैसे वाचले, असे उत्तर दिले. ७५ म्हणणारे अल्पसंख्य ठरले. बर्बनच्या बाबतीत वरचे पैसे देऊन घेणाऱ्याला ही सोय नाही. त्याने २,५०० मोजलेले असतात आणि प्रत्येक घोटाला ते आठवतात. ३०० ला मिळालेली बाटली मित्रांत उघडली जाते आणि २,५०० ची कुलपात जाते, असे निरीक्षण पुढे आले आहे. वस्तू कधी विक्रीचा माल असते, कधी नसते, हा विचार रुजवणारा ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ हा ग्रंथ मुंबईत जन्मलेल्या अर्जुन अप्पादुराई यांनी १९८६ साली संपादित केला. त्यातला कोपिटॉफ यांचा वस्तूच्या जीवनचरित्रावरचा निबंध या क्षेत्रात येणाऱ्याने सर्वांत आधी वाचावा.

हे सगळे लिहीत असताना बाजार फिरला आहे. २०२२ नंतर दुय्यम, म्हणजे पुनर्विक्रीच्या, बाजारातले अनेक भाव उतरले. सुमारे ४५ लाख वस्तीच्या केंटकीत दीड कोटीहून जास्त पिंपे मुरत पडली आहेत. जिम बीम या बर्बन कंपनीने केंटकीतल्या क्लेरमाँट इथल्या मुख्य डिस्टिलरीतले गाळप २०२६ साली थांबवण्याचे जाहीर केले. तेजीत भरलेली पिंपे मंदीत उघडतात, हा या धंद्याचा जुनाच शाप. थॉम्पसनच्या सिद्धान्ताला वाढते मोल परत खाली येण्याची वाट नीट सापडत नाही, असे माझे मत आहे. नव्या अभ्यासकांनी त्याला तिथे खुशाल धरावे.

आपल्याकडच्या वाचकासाठी दोन दुवे. बफलो ट्रेसची मालक कंपनी सॅझरॅक २०१७ पासून गोव्यात ‘पॉल जॉन’ सिंगल माल्ट बनवणाऱ्या जॉन डिस्टिलरीजमध्ये भागीदार आहे. गोव्याच्या उष्म्यात देवदूत केंटकीपेक्षा अधिक तहानलेले असतात. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरचे आयातशुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणले. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू असल्याने इथेही खाजगी माणसाला बाटली विकता येत नाही. भारतीय सिंगल माल्टच्या मर्यादित आवृत्त्यांचे संग्राहक मात्र तयार होऊ लागले आहेत आणि त्यांच्याबद्दल मराठीत अजून फारसे काही लिहिलेले नाही.

वाचकांना एक विनंती आहे. या क्षेत्रातला पुरावा फार नाशवंत आहे: दुकानाचा दरफलक पुसला जातो, पावती फेकली जाते, खाजगी सौद्याची नोंद कोणी ठेवतच नाही. आपल्याकडे किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडे जुन्या मद्याच्या पावत्या, ड्यूटी-फ्री दुकानांची दरपत्रके किंवा विमानतळावरची बिले पडून असतील, तर ती रद्दीत न घालता तारखेसह जपून ठेवावीत आणि कोणी अभ्यासक मागायला आला तर त्याला पाहू द्यावीत.