मालकाचा पगार कोणी ठरवायचा?

आपल्याकडे जावयाला पगार विचारतात, कंपनीच्या मालकाला नाही. खरं तर वार्षिक अहवालात तो छापलेला असतो. बाबांच्या थोड्याशा शेअर्समुळे हे जाडजूड अहवाल आमच्या घरी यायचे आणि मला त्या एका पानाची गोडी लागली.

गोष्ट सुरू होते मुंबईच्या गिरण्यांपासून. भांडवल लोकांचं, कारभार मात्र ‘मॅनेजिंग एजंट’ पेढीचा. सुरुवातीला अनेक गिरण्यांत या पेढीला सुताच्या पौंडामागे पाव आणा कमिशन मिळे. म्हणजे गिरणी तोट्यात गेली तरी एजंटाचं भागायचं!

स्वातंत्र्यानंतर भाभा समितीने कंपनी कायदा तपासला आणि चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना 1956 चा कायदा आला. (हो, त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे आपले चिंतामणराव.) कारभाऱ्यांच्या एकूण मोबदल्यावर निव्वळ नफ्याच्या 11 टक्क्यांची मर्यादा आली. 1970 मध्ये एजन्सी पद्धतच बंद झाली, पण तो 11 चा आकडा 2013 च्या कायद्यातही टिकला.

एजंट गेले, दुखणं गेलं का? अहमदाबादच्या आयआयएममधले वित्ताचे प्राध्यापक जयंत वर्मा यांनी 1997 च्या लेखात नेमकं सांगितलं : अमेरिकेत भागधारक विखुरलेले आणि व्यवस्थापक शिरजोर, आपल्याकडे भांडण मोठा भागधारक विरुद्ध बाकीचे छोटे, असं आहे. मालकच साहेब झाला, की त्याला पगार विचारणार कोण?

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘सेबी’ने कोटक समितीच्या अहवालानंतर यावर बोट ठेवलं. एप्रिल 2019 पासून, प्रवर्तक-संचालकाचा वार्षिक पगार 5 कोटी किंवा नफ्याचे अडीच टक्के, यांतल्या मोठ्या आकड्यापलीकडे गेला, तर विशेष ठराव लागतो. म्हणजे पडलेल्या मतांपैकी 75 टक्के बाजूने हवीत.

विशेष ठरावाची ताकद ऑगस्ट 2021 मध्ये दिसली. आयशर मोटर्समध्ये सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीच्या ठरावाला 73 टक्के मतं मिळाली आणि तो पडला! आक्षेप पगारवाढीवर होता. नंतर पगाराची कमाल मर्यादा खाली आणून ठराव पुन्हा मांडला, तेव्हा तो संमत झाला.

मला सरकारी टक्केवारीपेक्षा हा मार्ग बरा वाटतो. पण गोम आहेच. प्रवर्तकाला 75 टक्क्यांपर्यंत वाटा ठेवता येतो. तेवढा असेल तर तो एकटाच ठराव पार करेल. तिथे मत कमी, प्रश्नच जास्त उपयोगी.

तेव्हा काका, आत्या आणि ब्लॉगवाले दोस्तहो, पुढचा अहवाल आला की एक आकडा शोधा. सगळ्या कर्मचाऱ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोब्बर मधल्या माणसाच्या किती पट संचालकाला मिळतं? शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीला 2013 च्या कायद्याने हे सांगावंच लागतं. किती निघालं ते मलाही कळवा. आणि ई-मतदानाची मेल न उघडता पुसू नका!