पाट्या पडायच्या आधी

आमच्या अंबाजोगाईत आम्ही मित्र पिक्चरला नेहमी पाट्या संपल्यावरच शिरायचो. सुरुवातीला असतं काय, असंच वाटायचं!

पुण्यात इंजिनिअरिंग करताना सतीश बहादूर यांच्याबद्दल वाचलं. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. १९६३ मध्ये बहादूर तिथे आले आणि विद्यार्थ्यांना 'पथेर पांचाली' (१९५५) एकेक शॉट सुटा करून शिकवू लागले.

मग मीही वही घेऊन बसलो. सुरुवातीलाच दुर्गा शेजारणीच्या बागेतले पेरू घेते. बोलणी आईला खावी लागतात. बाग मात्र एकेकाळी त्यांचीच. शेवटी, दुर्गा गेल्यावर, अपूला तिने चोरलेला हार सापडतो. तो गुपचूप तळ्यात फेकतो. म्हणजे शेवटाची तयारी पहिल्याच सीनमध्ये होती, आणि असे किती पहिले सीन आम्ही बाहेर चहा पीत घालवले!